थर्मामीटर ताप कसा मोजतो? घरी कोणता वापरावा?

कपाळासमोर धरलेला थर्मामीटर ९८ दाखवतो आणि काखेतला १००.५. मग खरा आकडा कोणता? असा प्रश्न पालक अनेकदा विचारतात. दोन्ही उपकरणे चांगली असू शकतात. फरक ती काय मोजतात यात असतो.

पाऱ्याचा थर्मामीटर
उष्णतेने पारा प्रसरण पावून नळीत वर चढतो. काच फुटल्यास पारा झाडूने लोटू नका. त्याचे आणखी बारीक थेंब होऊन पसरतात. मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदाने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

डिजिटल थर्मामीटर
याच्या टोकात थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. बहुतेक घरांसाठी हाच सोयीचा. कोरड्या काखेत, टोक त्वचेला टेकवून, बीप वाजेपर्यंत ठेवा. तोंडात लावायचा असेल तर चहा किंवा थंड पाणी प्यायल्यानंतर अर्धा तास थांबा.

कपाळाचा व कानाचा (इन्फ्रारेड) थर्मामीटर
शरीरातून बाहेर पडणारी अवरक्त किरणे यात मोजली जातात. त्यासाठी बहुधा थर्मोपाइल, म्हणजे एकापुढे एक जोडलेली अनेक थर्मोकपल वापरतात. दोन वेगळ्या वाहकांचा एक सांधा गरम आणि दुसरा थंड असला, की अगदी थोडे व्होल्टेज तयार होते. हा परिणाम १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांना आढळला.

थर्मोकपल दोन सांध्यांतील फक्त फरक सांगते. म्हणून उपकरणाला स्वतःचे तापमानही मोजावे लागते. एसीच्या खोलीतून किंवा तापलेल्या गाडीतून आणलेला थर्मामीटर लगेच वापरला तर आकडा चुकू शकतो. रुग्णाच्या खोलीत तो अर्धा तास राहू द्या.

घाम, पंखा किंवा मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या यांमुळे कपाळ थंड होते आणि ताप लपतो. सहा महिन्यांखालील बाळांमध्ये कानातले मोजमाप भरवशाचे नसते.

आकडा कसा वाचावा?
साधारणपणे १००.४ अंश फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा अधिक म्हणजे ताप. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा सुमारे अर्धा ते एक अंश कमी येतो. त्यात स्वतः अंश मिळवू नका. वेळ, जागा आणि दिसलेला आकडा लिहून ठेवा आणि दर वेळी तोच थर्मामीटर वापरा.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?
- तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ किंवा अधिक ताप असल्यास, रात्र असली तरी. काखेत ९९ च्या वर दिसले तरी लगेच फोन करा.
- धाप, झटके, मान ताठ होणे, गुंगी, वारंवार उलट्या किंवा लघवी फार कमी होणे.
- ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकल्यास.

डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस धोक्याचे असू शकतात. पोटात जोरात दुखणे, रक्तस्राव किंवा हातपाय गार पडणे दिसले, तर आकडा ९८ असला तरी थांबू नका. वृद्धांमध्ये गंभीर संसर्ग असूनही ताप नसू शकतो. अशा वेळी थर्मामीटरपेक्षा रुग्णाकडे पाहा.