धोंडू, केरू, नकुसा

निवडणूक आली की मतदार यादी आमच्या सोप्यात यायची. मी ती आजीला मोठ्यानं वाचून दाखवायचो. आजीला अक्षरओळख नव्हती, पण यादी तिला माझ्यापेक्षा जास्त कळायची. धोंडू आला की म्हणायची, "ह्येच्या आदी दोन गेली." केरू आला की, "ह्याला उकिरड्यावर लोळवून आणला हुता." पोरं जगत नसत त्या घरात पुढच्याला टाकाऊ नाव ठेवायचं, म्हणजे सटवीची नजर फिरकत नाही. दगडू, कचरू, भिकू त्यातलेच. कोंडिबा कोंड्याच्या बदल्यात विकत घेतलेला. नथूचं नाक टोचून त्याला मुलगी बनवलेलं. नाव जिवंत माणसाचं, हकीकत मात्र आधी गेलेल्या भावंडांची. आमच्या गावच्या बालमृत्यूंची दुसरी वही मला कुठं सापडलेली नाही. पुढं देवीची लस आली, दवाखाना आला आणि यादीत नवे धोंडू यायचे थांबले.

फकिरा, पिराजी आले की ती हात जोडायची. नवसाची लेकरं. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसानं झालेल्या मुलांची नावं मालोजी भोसल्यांनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी कथा आहेच.

मग खालची आळी यायची. आजीच्या लहानपणी तिथल्या म्हाताऱ्यांच्या नावामागं 'नाक' असे. 1818 च्या लढाईनंतर कोरेगावच्या स्तंभावर तोच प्रत्यय मानानं कोरला गेला; गावात मात्र त्या माणसांना 'ए' म्हणूनच हाक. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धर्मांतर झालं आणि त्या आळीच्या पानावर गौतम, सिद्धार्थ, राहुल दिसू लागले. आजीच्या पिढीची जीभ रामाचा राम्या, धोंडूचा धोंड्या करायला सरावलेली. सिद्धार्थचं काय करायचं ते तिला उमगेना. शेवटी नाव पुरतं घ्यावं लागलं. कुरकुरत घेतलं, हेही सांगायला हवं.

यादीत नकुसा आली की मात्र आजी गप्प. केरू म्हणजे सटवीला मारलेली थाप. पोरगा हवाच होता. नकुसा ही थाप नव्हे. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला हे नाव, आणि ते जसंच्या तसं खरं. 2011 साली सातारा जिल्हा परिषदेनं अशा 250 हून अधिक मुलींना नवी नावं दिली. आमच्या यादीतली नकुसा तोवर आजी झाली होती. तिला कोण विचारणार?

आमच्या आजीचं नाव यादीत लक्ष्मीबाई. लग्नात तांदळावर अंगठीनं लिहिलेलं, सासरचं.

"माहेरी तुला काय म्हणायचे गं?" मी एकदा विचारलं.

"फुडचं वाच," आजी म्हणाली.