एर्फुर्ट ते बाड गोडेसबेर्ग : एका पक्षाची वाटचाल

जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आपली स्थापना 1863 ची मानतो. त्या वर्षी समाजवादी नेते लासाल यांनी लाइपझिगमध्ये कामगार संघटना उभी केली. 1875 साली गोथा येथे ती आणि बेबेल-लीब्कनेख्त यांचा पक्ष एकत्र आले. बिस्मार्कच्या बंदी कायद्याने पुढे बारा वर्षे जाच केला, तरी पक्ष वाढतच राहिला.

बंदी उठल्यावर 1891 मध्ये एर्फुर्टला नवा कार्यक्रम मंजूर झाला. त्याचे दोन भाग होते. काउट्स्की यांनी लिहिलेल्या पहिल्या भागात छोट्या उत्पादकांचा ऱ्हास आणि भांडवलशाहीतली वाढती अरिष्टे अटळ मानली होती. बर्नस्टाइन यांच्या दुसऱ्या भागात आठ तासांचा दिवस, स्त्रियांसह सर्वांना मताधिकार, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर बंदी अशा रोखठोक मागण्या होत्या. भाषणे पहिल्या भागावर होत, रोजचे काम दुसऱ्यावर चाले.

ही फट बर्नस्टाइन यांनीच उघड केली. लंडनमधून 1896 पासून लिहिलेल्या लेखांत आणि 1899 च्या पुस्तकात त्यांनी आकडे मांडले : मालमत्ताधारक घटत नाहीत, मध्यमवर्ग नाहीसा होत नाही, मग मार्क्सचा सिद्धांत दुरुस्त करा; समाजवाद मतदान, कामगार संघटना आणि सहकारातून येईल. या भूमिकेला दुरुस्तीवाद, म्हणजे रिव्हिजनिझम, हे नाव पडले. पक्षातल्या क्रांतिवादी रोझा लक्झेंबुर्ग यांनी लगेच उत्तर दिले : सुधारणा हे साधन आहे, क्रांतीचे ध्येय सोडले तर पक्षाचे वेगळेपणच संपते.

1903 च्या ड्रेस्डेन अधिवेशनात 288 विरुद्ध 11 मतांनी दुरुस्तीवादाचा निषेध झाला. निषेधाच्या बाजूने कित्येक दुरुस्तीवाद्यांनीही हात वर केले, कारण ठरावामुळे कामकाजात काहीच बदलणार नव्हते. बर्नस्टाइन खासदार राहिले. 1912 मध्ये 110 जागा जिंकून पक्ष राइश्टागमध्ये, म्हणजे संसदेत, सर्वांत मोठा झाला. 1914 मध्ये त्याने युद्धकर्जाला मंजुरी दिली. 1917 मध्ये युद्धविरोधी नव्या पक्षात बर्नस्टाइन आणि काउट्स्की हे जुने प्रतिस्पर्धी एकत्र दिसले.

दुरुस्तीवाद हा शब्द मात्र शिवी होऊन जगभर फिरला. 1964 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला, तेव्हा त्याचे नेते डांगे यांच्या गटावर हाच शिक्का बसला.

खुद्द जर्मन पक्षात, 1959 साली, बाड गोडेसबेर्गच्या अधिवेशनाने नवा कार्यक्रम 324 विरुद्ध 16 मतांनी स्वीकारला. त्यात स्पर्धा आणि खासगी मालकीला स्थान मिळाले. बर्नस्टाइन यांनी मार्क्सची दुरुस्ती मागितली होती. पक्षाने मार्क्सच बाजूला ठेवला.