पाचकपित्त, समानवायू आणि क्लेदककफ : पचनविषयक एका त्रयीची ऐतिहासिक घडण

आयुर्वेदाच्या कोणत्याही परिचयपर मराठी पुस्तकात पचनाचे वर्णन साधारणतः एकाच साच्यात केलेले आढळते. आमाशयातील क्लेदककफ अन्नाचा गोळा ओला व सैल करतो, पाचकपित्त त्याचा पाक करते आणि समानवायू अग्नीला फुंकर घालून सार व मल वेगळे करतो. तिघांचे कार्य समतोल असेल तर अन्न अंगी लागते, अन्यथा अजीर्ण, ग्रहणी, अतिसार इत्यादी विकार उद्भवतात. या वर्णनाच्या आरंभी बहुधा 'चरकाचार्यांनी सांगितल्याप्रमाणे' असे शब्द असतात. प्रस्तुत लेखात या विधानाची ऐतिहासिक बाजू तपासावयाची आहे. ही त्रयी वैद्यकीयदृष्ट्या कितपत ग्राह्य आहे हा प्रश्न वैद्यांचा होय. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीतून मार्ग काढताना सिद्ध केली, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे.

येथे एका शब्दाबाबत आधीच खुलासा केलेला बरा. आज मराठीत 'प्राणवायू' म्हटले की शालेय विज्ञानातील ऑक्सिजन डोळ्यांसमोर येतो. प्राचीन ग्रंथांतील प्राण, अपान, समान, उदान व व्यान हे पाच वायू म्हणजे हवेचे घटक नव्हेत. देहात गती निर्माण करणाऱ्या, वस्तू आत घेणाऱ्या, हलविणाऱ्या व बाहेर टाकणाऱ्या शक्तींची ती नावे आहेत. पारिभाषिक शब्द घडविताना जुना शब्द नव्या अर्थाने वापरला गेला आणि वाचकाच्या मनात एक गोंधळ कायमचा राहिला. पदवीच्या वर्गातही तो अधूनमधून प्रत्ययास येतो.

या शक्तींचा अन्नाशी संबंध वैद्यकाच्या आधीपासूनचा आहे. बृहदारण्यकोपनिषदात मनुष्याच्या आत असलेल्या व अन्न पचविणाऱ्या वैश्वानर अग्नीचा उल्लेख असून, कान झाकल्यावर ऐकू येणारा घोष हा त्याचाच ध्वनी मानला आहे. प्रश्नोपनिषदात अर्पण केलेले अन्न सर्वत्र सारखे पोहोचविण्याचे काम समानाकडे दिले आहे. छांदोग्योपनिषदात पाच प्राणांना उद्देशून दिलेल्या आहुतींचे विवेचन येते. महाराष्ट्रातील अनेक घरांत जेवणाच्या आरंभी प्राणाहुती घेण्याची प्रथा होती, ती याच परंपरेतली. म्हणजे पोटातील अग्नी आणि त्यास साहाय्य करणारे वायू ही कल्पना वैद्यांना यज्ञाच्या भाषेतून आयती मिळाली होती. त्यांच्यापुढे प्रश्न निराळा होता. पोट दुखत असलेल्या रोग्यापुढे बसून या कल्पनेचे करावयाचे काय?

चरकसंहितेच्या जुन्या भागात या प्रश्नाचे उत्तर विलक्षण साध्या रीतीने दिलेले आहे. शारीरस्थानाच्या 6 व्या अध्यायात अन्नाचे परिणमन घडविणारे सहा घटक सांगितले आहेत : उष्मा, वायू, क्लेद, स्नेह, काल आणि समयोग. उष्मा पचवितो, वायू ओढून आणतो, क्लेद सैल करतो, स्नेह मऊ करतो, काल पूर्णत्वास नेतो आणि समयोगामुळे धातूंचे साम्य राहते. यात पाचकपित्त नाही, क्लेदककफही नाही. क्लेद म्हणजे केवळ ओलावा आहे. कालाला दिलेले स्थान तर मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे, कारण पुढील त्रयीत कालाला जागाच उरली नाही. सूत्रस्थानाच्या 12 व्या अध्यायात ऋषींची वायूविषयक चर्चा येते. तेथे पाच वायूंची नावे आहेत, वायू अग्नीला चेतवितो असेही म्हटले आहे. आणि मरीची पित्ताच्या ठायी असलेला अग्नीच शुभाशुभ परिणाम घडवितो असे प्रतिपादन करतो. विमानस्थानाच्या 6 व्या अध्यायात अग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण व मंद असे चार प्रकार केले असून वातामुळे विषम, पित्तामुळे तीक्ष्ण आणि कफामुळे मंद अग्नी होतो असा संबंध जोडला आहे. रोग्याची भूक पाहून निदान करणाऱ्या वैद्याला प्रत्यक्षात एवढे पुरेसे होते, असे वाटते.

सुश्रुतसंहितेत मात्र शंकेला तोंड फुटते. सूत्रस्थानाच्या 21 व्या अध्यायात थेट प्रश्न विचारला आहे : पित्ताहून वेगळा असा अग्नी आहे, की पित्त हाच अग्नी? उत्तर असे की पित्ताव्यतिरिक्त अन्य अग्नी उपलब्ध होत नाही. जाळणे, पचविणे ही कामे पित्तातच दिसतात. पित्त क्षीण झाले असता अग्नीसारखी द्रव्ये द्यावी लागतात आणि ते वाढले असता शीत उपचार करावे लागतात. एकदा ही भूमिका घेतल्यावर पित्ताच्या कामांची वाटणी करणे ओघानेच आले. पाचक, रंजक, साधक, आलोचक व भ्राजक ही पाच पित्ते सुश्रुताने सांगितली. पक्वाशय व आमाशय यांच्या मध्ये राहणारे पाचकपित्त इतर पित्तांना आपल्या जागेवरूनच बळ देते असे तो म्हणतो. कफाचीही पाच स्थाने त्याने दिली. आमाशयातील कफ अन्न भिजवितो हेही सांगितले, पण त्या पाचांना नावे दिली नाहीत. समानवायू आम-पक्वाशयात संचार करतो, अग्नीच्या साहाय्याने अन्न पचवितो आणि तो बिघडला तर गुल्म, अग्निमांद्य, अतिसार होतात, असे निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आले आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळू. 'चरकाने सांगितलेले पचन' म्हणून ज्याचा नेहमी दाखला दिला जातो, ते वर्णन चिकित्सास्थानाच्या 15 व्या, म्हणजे ग्रहणीदोषाच्या अध्यायातील आहे. प्राण अन्नाला कोष्ठात ओढून नेतो, द्रवांनी त्याचा संघात फुटतो, स्नेहाने ते मऊ होते, समानाने चेतविलेला अग्नी ते योग्य वेळी पचवितो. खाली विस्तव आणि वर पातेल्यात पाणी व तांदूळ, असा दृष्टांतही तेथेच आहे. एक जाठराग्नी, पाच भूताग्नी व सात धात्वग्नी हे तेरा अग्नीही याच अध्यायातले. पाच वायूंची स्थाने व कर्मे 28 व्या अध्यायात येतात. परंतु चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि पुढील दोन संपूर्ण स्थाने मिळत नव्हती, ती आपण पूर्ण केली, असे दृढबलाने स्वतःच नमूद केले आहे. हे सतरा अध्याय नेमके कोणते याविषयी मतभेद आहेत, कारण अध्यायांचा क्रम सर्व परंपरांत एकसारखा नाही. तरीही चक्रपाणिदत्ताची गणना घेतली काय किंवा छापील प्रतीतील पहिले तेरा अध्याय चरकाचे धरले काय, 15 वा आणि 28 वा हे दोन्ही अध्याय दृढबलाच्याच वाट्याला येतात. दृढबलाचा काळ सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक मानला जातो. आपण अनेक तंत्रांतून वेचून ही भर घातली असे तो सांगतो आणि त्यासाठी सुगीनंतर शेतात सांडलेले दाणे गोळा करण्याची उपमा वापरतो. आपल्याकडे यालाच सरवा वेचणे म्हणतात. वेचलेला दाणा नवा नसतो, हे खरे. ग्रहणीच्या अध्यायातील द्रव, स्नेह व काल यांचा शारीरस्थानातील सहा घटकांशी मेळ स्पष्ट दिसतो. तथापि कोणता दाणा कोणाच्या शेतातला हे आता सांगता येत नाही. म्हणून 'चरकाने सांगितले' हे विधान कालगणनेच्या दृष्टीने सैल आहे, आणि त्यावर आधारून पचनविचाराचा काळ काही शतके मागे नेणे धोक्याचे आहे.

तिन्ही नावे एकत्र गुंफण्याचे श्रेय वाग्भटाचे. साधारण सातव्या शतकातील अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, 12 व्या अध्यायात, पाच वायू आणि पाच पित्ते यांच्या शेजारी पाच कफांना अवलंबक, क्लेदक, बोधक, तर्पक व श्लेषक ही नावे मिळतात. पाच-पाच-पाच अशी मांडणी पूर्ण झाली ती येथे. केवळ पाठांतराची सोय म्हणून याकडे पाहणे अन्यायाचे होईल. सुश्रुताच्या उत्तरात एक फट राहून गेली होती. तूप पित्त शमविते, पण अग्नी वाढविते. मग दोन्ही एकच कसे? शिवाय पित्त द्रव आहे आणि द्रवाने विस्तव विझतो. वाग्भटाने पाचकपित्ताचे वर्णन करताना ते तेजाच्या आधिक्यामुळे द्रवपणा टाकून देते आणि पचनादी कर्मामुळे अनल हे नाव पावते, असे सांगून यातून वाट काढली. अग्नी हा पित्ताचा एक व्यापार ठरला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बुद्धिमान पाऊल हेच होय, आणि नेमके तेच परिचयपर पुस्तकांतून गळून पडते.

अष्टांगहृदयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध येथे सांगितला पाहिजे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. महादेव (1261-1271) आणि रामचंद्र (1271-1311) यांच्या कारकिर्दींत तो अधिकारावर होता. त्याच रामचंद्राच्या राज्यात, 1290 मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या 15 व्या अध्यायात गीतेतील वैश्वानराच्या श्लोकावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी प्राण व अपान यांना जोडभात्याचे रूप दिले आहे. रात्रंदिवस फुंकून ते पोटातील अग्नी पेटता ठेवतात. संस्कृतात वाग्भटाचे सूक्ष्म वर्गीकरण उलगडणारा मंत्री आणि मराठीत लोहाराचा भाता दाखविणारे कवी एकाच काळी, एकाच राज्यात लिहीत होते. पाचकपित्त व क्लेदककफ ही विभागणी ओवीच्या कामाची नव्हती. तिला उपनिषदांपासून चालत आलेला अग्नी आणि त्याचे वायू पुरेसे होते. लोकमानसात 'पोटातला अग्नी' टिकला तो या वाटेने, वैद्यकाच्या परिभाषेतून नव्हे, असा तर्क करावासा वाटतो.

वाग्भटाची त्रयी सर्वमान्य पाठ म्हणून रुजण्यात मुद्रणाचा वाटा असावा. 1907 मध्ये नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय स्वरूपाचे आयुर्वेद संमेलन भरले, आणि पुढील काळात विद्यालयांसाठी एकसूत्री पाठ्यक्रमाची गरज वाढत गेली. निर्णयसागर मुद्रणालयाने अरुणदत्त व हेमाद्री यांच्या टीकांसह अष्टांगहृदयाची हरिशास्त्री पराडकर यांनी संपादिलेली आवृत्ती 1939 मध्ये, तर यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली चरकसंहिता 1941 मध्ये प्रसिद्ध केली. या दुसऱ्या ग्रंथात ग्रहणीदोषाच्या अध्यायाची पुष्पिका अवश्य पाहावी. हा भाग अप्राप्त असून दृढबलाने पूर्ण केला आहे, अशा अर्थाची नोंद त्या ओळीत स्पष्टपणे छापलेली आहे. संदर्भ देताना आपण अध्यायाचा क्रमांक घेतो, श्लोकाचा क्रमांक घेतो आणि ही ओळ तेवढी सोडून देतो.