केळवे रोडमधला ‘रोड’

आपल्या या पट्ट्यात इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोते बिंबराजा, पोर्तुगीज आणि चिमाजी अप्पा यांची वाट बघत बसतात. आज आम्ही त्यांच्यापैकी कोणालाच बोलावलेलं नाही. आज एकच शब्द घ्यायचा आहे, तोही इंग्रजी: रोड. माकुणसारच्या माणसाला तो शाळेत शिकावा लागत नाही. केळवे रोड स्टेशनच्या पाटीवर तो रोज डोळ्यांसमोर असतो.

आता बघा, मुंबईत ग्रँट रोड स्टेशन आहे. तिथे ग्रँट साहेबाच्या नावाचा रस्ता होता, त्या रस्त्यापाशी स्टेशन झालं. करी रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड, सगळी अशीच. तिथे रोड म्हणजे शहरातली सडक. पण केळवे रोडला उतरून ‘केळवे रोड नावाचा रस्ता कुठे आहे’ असं कोणी विचारलं तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू. आणि गंमत म्हणजे त्या स्टेशनात केळवेही नाही. केळवे पश्चिमेला, समुद्राकाठी, काही किलोमीटर लांब. म्हणजे या नावातल्या रोडचा अर्थ असा: हे ते गाव नव्हे, गावाला जाणारा रस्ता इथून फुटतो. एकाच रेल्वेवर, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. पहिला पत्ता सांगतो, दुसरा अंतर सांगतो.

हे अंतर आलं कुठून? बी.बी.सी.आय. रेल्वेने १८६४च्या नोव्हेंबरात गुजरातकडून आलेला मार्ग ग्रँट रोडपर्यंत सुरू केला. त्याआधी आपली मोठी गावं कुठे होती? केळवे, माहीम, तारापूर, डहाणू, सगळी पाण्याकडे तोंड करून बसलेली. माल गलबतांनी जायचा, माणसंही जायची. पण जी खाडी बंदराला हवीशी, तीच रेल्वेला नकोशी. मुखाशी खाडी रुंद, जमीन खारी आणि दलदलीची. वैतरणेवर पूल बांधायचे ते आत सरकूनच. मग रूळ आतून गेले आणि किनाऱ्यावरची गावं बाजूला राहिली. त्यांच्या नावापुढे ‘रोड’ चिकटला: वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड, उंबरगाव रोड. कंपनीने गावाचं नाव घेतलं आणि मधलं अंतर गावाकडेच ठेवलं. गाडी इथपर्यंत आणेल, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हे ‘तुमचं तुम्ही बघा’ थोडंथोडकं नव्हतं. केळवे-माहीमच्या बागायतीतलं पान उत्तरेकडे जायचं. पान हा नाशवंत माल. वाडीतून पान खुडायचं, टोपल्यांत रचायचं, बैलगाडीने स्टेशन गाठायचं, आणि पावसाळ्यात चिखलात चाक रुतलं की गाडी चुकली. रेल्वेच्या वेळापत्रकात बैलाची वेळ कोणी धरली नव्हती. आमच्या मते या भागाचा रेल्वे-इतिहास लिहायचा तर तो रुळांचा नव्हे, रूळ आणि वाडी यांच्यामधल्या त्या तुकड्याचा लिहायला हवा.

आणि हा तुकडा हळूहळू गावं फिरवतो. १८८२चं ठाणे गॅझेटियर काढा. त्यात पालघर तालुका सापडणार नाही, माहीम तालुका सापडेल. कचेरी पुढे रुळांकडे आली, तालुक्याचं नाव पालघर झालं, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हाच आहे. माहीम मागे राहिलं. त्याच्या वाट्याला ‘माहीम रोड’ असं स्टेशनसुद्धा आलं नाही. तारापूरचं उलट झालं. गावाला स्टेशन नाही, उतरायचं बोईसरला. तरी २८ ऑक्टोबर १९६९ला सुरू झालेलं अणुवीज केंद्र तारापूरच्या नावाने जगाला माहीत झालं, आणि बोईसरला खेटून असलेली औद्योगिक वसाहतही तारापूरचीच म्हणवते. डहाणू रोडला तर स्टेशनाभोवती आख्खी बाजारपेठ वाढली. १६ एप्रिल २०१३ला विरारच्या पुढे लोकल आली, तेव्हापासून मुंबईकरांच्या तोंडी डहाणू म्हणजे डहाणू रोडच.

ही नावं फक्त आपल्याकडे नाहीत. नाशिकरोड आहे, अक्कलकोट रोड आहे. आजचं कुर्डुवाडी जंक्शन एके काळी बार्शी रोड म्हणून ओळखलं जाई. इंग्रज गेले म्हणून ही रीत थांबली असंही नाही. १९९८ साली पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड आहेत. सावंतवाडी रोड प्रत्यक्षात मळगावात आहे. सव्वाशे वर्षांनी पुन्हा तेच: नाव तुमचं, अंतरही तुमचंच.

आता थोडं या शब्दाच्या घरात जाऊ. इंग्रजीत ‘रोड’चा मूळ अर्थ रस्ता नव्हताच. ‘राइड’ म्हणजे घोड्यावर बसणं, त्याच धातूतून हा शब्द निघाला. जुन्या इंग्रजीत तो स्वारी करण्याला म्हणत. स्कॉटलंडच्या बोलीत त्याच शब्दाचं ‘रेड’ झालं, म्हणजे धाड. तेव्हा इन्कम टॅक्सची रेड आणि केळवे रोड ही एका आईची लेकरं आहेत! रस्ता हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. त्याच्या आधीपासून आणखी एक अर्थ चालत होता: किनाऱ्याजवळची आडोशाची जागा, जिथे जहाज नांगरावर झुलत उभं राहतं. सुरतेजवळच्या सुवाळीला इंग्रज ‘रोड’ म्हणत ते याच अर्थाने. १६१२ साली तिथे त्यांची पोर्तुगीजांशी लढाई झाली. म्हणजे हा शब्द आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर आधी पाण्यातून आला, जमिनीवर अडीचशे वर्षांनी चढला.

आपल्या मराठीतही एक ‘रोड’ आहेच, या इंग्रजी रोडशी काहीही संबंध नसलेला. रोड म्हणजे कृश, अंगाने बारीक. ‘पोरगं रोडावलंय’ म्हणतो ना आपण. पावसाळ्यानंतरचे काही रस्ते बघितले की दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात, पण तो विषय ग्रामसभेचा.

वाट, पाणंद, सडक, रस्ता, मार्ग एवढे शब्द असताना रोड कशाला लागला, असं कोणी म्हणेल. पण कान देऊन ऐका. मुंबईला ट्रेनने गेलो नाही तर ‘बाय रोड’ जातो. जमिनीचा दलाल ‘रस्त्याला लागून’ म्हणत नाही, ‘रोडटच’ म्हणतो, आणि तो शब्द उच्चारला की भाव चढतो. शेताला बैलगाडीची वाट असून भागत नाही, ती जागा रोडटच होत नाही. वाट वापरायची असते, रोड विकताना लागतो. २०२४च्या जुलैत राज्य विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावं बदलण्याचे ठराव केले, करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी. केळवे रोडच्या रोडकडे मात्र कोणी परका म्हणून बघितलं नाही. तो आपलाच झालाय.

अलीकडे त्याला एक नवा अर्थ आलाय आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘आमची जागा रोडात गेली.’ मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच जिल्ह्यातून जातो. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. किनाऱ्यालगतच सुमारे वीस मीटर खोल पाणी मिळतं म्हणून ती जागा निवडली. थोडक्यात, जहाजाचा जुना ‘रोड’. त्या बंदरापासून महामार्गापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता ठरला आहे, म्हणजे जमिनीवरचाही रोड. एका बाजूला मच्छीमार मासेमारीची जागा जाईल म्हणून विरोध करत आहेत, दुसऱ्या बाजूला शेतकरी मोजणीचे खांब बघत आहेत. १८६४ला रूळ लांबून गेले म्हणून गावं मागे पडली. आता रोड अंगावरून जातो म्हणून जमीन जाते. मोबदल्याचा हिशेब होतो तेव्हा सातबाऱ्यावर नाव कोणाचं, कूळ कोण, वाट कोणाची वहिवाटीची, हे सगळं कागदावर लागतं. तोंडी माहिती मोजणीवाल्याला चालत नाही.

तेव्हा एक विनंती. घरात जुने सातबारे, फेरफार, गाडीवाटेचे नकाशे, पानाच्या मालाच्या रेल्वेच्या पावत्या, काहीही असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मूळ कागद हातातून सोडू नका, आम्ही फक्त फोटो काढून घेऊ. आता ज्यांना ७.४० ची पकडायची आहे त्यांनी उठलं तरी चालेल, बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.