अग्नीचा मोह आणि तैवानचें बेट

पोर्तुगीज दर्यावर्दींनीं ज्या भूमीस ‘इल्हा फोर्मोसा’ म्हणजे सुंदर बेट असें नांव दिलें, त्याच तैवानला विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कचऱ्याचें बेट’ हें विशेषण चिकटावें, ही दैवाची थट्टाच होय. क्षेत्रफळ सुमारें ३६ हजार चौरस किलोमीटर, त्यांतील बहुतेक डोंगराळ, आणि वस्ती दोन कोटींवर! कारखानदारीनें संपत्ति आणिली; संपत्तीमागोमाग केर आला; आणि बेटाला तो शिवेपलीकडे लोटण्याची सोय नव्हती.

१९९१ सालीं सरकारनें प्रत्येक जिल्ह्यास एक दहनभट्टी हें धोरण अंगीकारिलें. पुढें एकंदर ३६ भट्ट्यांचा संकल्प झाला. अग्नि सर्वभक्षक खरा; परंतु त्यानें गिळलेलें सर्वच नाहींसें होत नाहीं. राख उरते, आणि डायॉक्सिनसारखीं विषें धुरावाटे हवेंत जाऊं शकतात. शिवाय भट्टीचें पोट रोज भरावेंच लागतें. मग कचरा कमी करणें हेंच तोट्याचें ठरतें.

याविरुद्ध गांवोगांवीं लोक उठले. युन्लिन जिल्ह्यांतील लिन्नेई येथें जलशुद्धीकरण केंद्राजवळ उभारलेली भट्टी लोकविरोध व लांचलुचपतीचें प्रकरण यांमुळें वर्षानुवर्षें पेटलीच नाहीं. पण नुसत्या नकारानें केर हटत नाहीं. १९८७ सालीं तैपेईंत एकत्र आलेल्या गृहिणींच्या संघानें दुसरा मार्ग दाखविला : केर घरांतच निवडावा.

१९९७ पासून रहिवासी, भंगारवाले, नगरपालिका आणि उत्पादकांच्या शुल्कांतून उभा राहिलेला निधि, असे चौघे एका योजनेंत गुंफले गेले. तैपेईंत २००० च्या जुलैपासून केरासाठीं सरकारी पिशवी विकत घ्यावी लागली. निवडलेल्या वस्तु मात्र विनामूल्य नेल्या जात. बीथोव्हेनचे सूर वाजवीत गाडी आली कीं नागरिक स्वतः पिशवी घेऊन खालीं उतरत. थोड्याच वर्षांत शहराचा घरगुती केर निम्म्याहून घटला. २००३ मध्यें सरकारनेंहि ‘शून्य कचरा’ हें ध्येय स्वीकारिलें.

विजय पूर्ण झाला असें मात्र नव्हे. ३६ पैकीं २४ भट्ट्या चालूं लागल्या, आणि त्यांची भूक अद्याप शमलेली नाहीं. तथापि बेटावरील निम्म्याहून अधिक केर पुनरुपयोगाच्या वाटेस लागला. अग्नीशीं हा झगडा सभांत जेवढा झाला, तेवढाच स्वयंपाकघरांतहि झाला; आणि तेथेंच तो अधिक टिकला.