जुन्या चाकाची कुळकथा

अमेरिकेच्या शेतमुलखात जुन्या पिकअप ट्रकचा जीर्णोद्धार करू पाहणारा मनुष्य जेव्हा भंगाराच्या आवारातील चाकांच्या राशीपुढे उभा राहतो, तेव्हा त्याची दृष्टी प्रथम चाकाच्या मध्यभागी पाडलेल्या छिद्रांवर खिळते. कारण ती छिद्रे किती आहेत आणि ज्या वर्तुळावर ती आखली आहेत त्याचा व्यास किती, या दोन तपशिलांत चाकाचे कुळ नोंदलेले असते. जुने दप्तर चाळणाऱ्यास मोडी अक्षराच्या वळणावरून कारकिर्दीचा अंदाज यावा, तशीच ही विद्या आहे. आणि ती ज्याने संपादिली नाही, त्याच्या पदरी देखणे परंतु निरुपयोगी लोखंड पडते.

या कुळाचा आरंभ लाकडापासून झाला. फोर्ड कंपनीने 1925 साली आपल्या ‘मॉडेल टी’ला कारखान्यातच पोलादी हौदा जोडून ती 281 डॉलरांना विक्रीस काढली, तेव्हा त्या गाडीच्या चाकांचे आरे हिकरी नावाच्या चिवट लाकडाचे असत. धाव चढवलेले बैलगाडीचे चाक ज्याने पाहिले आहे त्याला ही रचना परकी वाटणार नाही. तुंबा, आरे आणि परीघ ही त्रयी तीच, केवळ लोखंडी धावेच्या जागी हवेने फुगवलेले रबर आले. पुढे ‘मॉडेल ए’बरोबर 21 इंचांची तारेची चाके आली, 1930 साली ती 19 इंचांवर उतरली, 1935 साली 16 इंचांवर स्थिरावली आणि पुढच्याच वर्षी तारांची जागा सलग पोलादी तबकडीने घेतली. रस्ते सुधारत गेले, टायर रुंद व मऊ होत गेले, आणि त्या मानाने चाक लहान होत गेले.

छिद्रांचे म्हणाल तर, 1948 सालच्या फोर्डच्या अर्ध्या टनाच्या पिकअपला साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर पाच छिद्रे, तर तिच्या समकालीन शेवरलेला त्याच व्यासावर सहा; त्यामुळे मोजमाप जुळूनही एकाचे चाक दुसऱ्यास बसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपची छिद्रे मात्र फोर्डप्रमाणेच पाच आणि वर्तुळही साडेपाच इंचांचेच, आणि 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत त्या जीपची जुळणी सुरू केल्यामुळे या कुळाची एक शाखा आपल्या रस्त्यांवरही रुजली. याच जीपच्या, तसेच डॉजच्या जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असत. ही खूण ठाऊक नसलेला कारागीर नट सोडवण्याच्या भरात तो अधिकच आवळत जातो आणि अखेरीस बोल्ट तोडून बसतो.

टायरचा इतिहास याहून करुण आहे. 1942 च्या प्रारंभी आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या अमलाखाली जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेत सर्वप्रथम जी वस्तू शिधावाटपाखाली आली ती टायर होय. मोटारमालकाने पाचांहून अधिक टायर बाळगू नयेत असा हुकूम निघाला, आणि ताशी 35 मैलांची वेगमर्यादा पेट्रोलपेक्षाही रबर वाचावे म्हणून घालण्यात आली. त्या काळी माणसांनी झिजलेल्या टायरवर पुन्हापुन्हा नवा थर चढवून गाड्या चालवल्या. परंतु ती काटकसर सक्तीची होती, आणि तिच्यासाठी सारा देश सावकाश चालत होता, हे विसरता कामा नये.

हे सांगण्याचे कारण असे की, जुन्या चाकाबरोबर आलेला जुना टायरही ‘अस्सल’ म्हणून जपण्याचा मोह अनेकांस होतो. त्याची नक्षी खोल दिसली तरी प्राणवायू आणि ऊन यांनी रबर आतून ठिसूळ झालेले असते; म्हणूनच 2000 सालापासून टायरच्या कुशीवर जे चार अंक उमटवतात, त्यांतील पहिल्या दोहोंवरून आठवडा आणि पुढील दोहोंवरून वर्ष वाचून घ्यावे. लोखंडाचीही तहकिकात करावी: नट सैल राहून छिद्रे लांबट झाली आहेत काय, त्यांभोवती तडे आहेत काय, टायर जेथे टेकतो ती कड गंजाने खाल्ली आहे काय. अवजड ट्रकांच्या जोडरिंगांविषयी, म्हणजे अनेक तुकडे लॉक रिंगने एकत्र धरलेल्या रिंगांविषयी, तर विशेष सावध असावे. गंजलेली लॉक रिंग हवा भरताना सुटून माणसे दगावली आहेत, आणि त्यामुळेच 1980 साली अमेरिकेत अशा रिंगांत पिंजऱ्यावाचून हवा भरण्यास कायद्याने मज्जाव झाला.

म्हणून माझ्या मते जतन करावे ते लोखंडाचे. रबर मात्र नवेच घ्यावे. ज्या शेतकऱ्याने युद्धकाळात नव्या टायरसाठी शिधावाटप मंडळापुढे अर्ज केला, त्याने जीर्ण टायर आवडीने वापरला नव्हता. त्याच्या जुन्या चाकावर आज नवा टायर चढतो, तेव्हा त्याचा तो अर्जच जणू उशिरा का होईना, मंजूर होतो.