फलकावरचे चेहरे, फलकाखालची माणसे

नाशिकच्या रविवार कारंजावर सकाळच्या वेळी थोडे थांबले, की होळकर पुलाकडून गावात शिरणारा लोंढा दिसतो. पंचवटीतून परतणारे यात्रेकरू, मुलांनी खच्चून भरलेल्या रिक्षा, कामाला निघालेले मजूर अशी सारी घाईतली माणसे असतात. त्यांच्या डोक्यावर मात्र कोणालाच घाई नसते. तेथे दागिन्यांनी मढलेली नववधू स्मित करीत असते, गृहप्रकल्पाच्या फलकावरील चौकोनी कुटुंब हिरवळीवर बागडत असते आणि एखादे नेते हात जोडून उभे असतात. रस्त्यावरून जाणारा माणूस आणि त्याच्या मागची जाहिरात क्षणभर एकाच चौकटीत येतात. हा क्षण पकडणे ही रस्त्यावरील छायाचित्रणाची एक जुनी व लोकप्रिय तऱ्हा आहे.

या प्रकारात छायाचित्रकार काहीही मांडत नाही, कोणाला उभे राहण्यास सांगत नाही. फलक आधीच तेथे असतो, वाटसरू आपल्या वाटेने येतो. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. तो संबंध जुळतो केवळ छायाचित्रकाराने उभे राहण्यासाठी निवडलेल्या जागेमुळे. दोन पावले डावीकडे सरकले तर तो जुळतही नाही. म्हणूनच हे चित्र खरे असते आणि तरीही ते एका माणसाचे मत असते. हा पेच सर्वांत ठळकपणे दिसतो तो अमेरिकेतील एका छायाचित्रात.

जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला महापूर आला आणि केंटकी राज्यातील लुईव्हिल शहर पाण्याखाली गेले. ‘लाइफ’ या साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट तेथे पोहोचल्या. मदतीच्या प्रतीक्षेत कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांची लांब रांग उभी होती. कोणाच्या हातात टोपली, कोणाच्या हातात पिशवी. रांगेच्या मागे उद्योजकांच्या संघटनेने लावलेला भलामोठा फलक होता. त्यावर मोटारीत बसलेले गोरे, हसरे कुटुंब, सोबत कुत्रा, आणि जगातील सर्वांत उच्च राहणीमान अमेरिकेचेच असल्याची ग्वाही. हे छायाचित्र फेब्रुवारी १९३७ च्या अंकात प्रसिद्ध झाले आणि अजरामर ठरले.

पुढे पुस्तकांतून, भाषणांतून ते महामंदीतील बेकारीचे चित्र म्हणून वापरले जाऊ लागले. वास्तविक ती रांग पूरग्रस्तांची होती. छायाचित्र खोटे बोलले, असे म्हणता येत नाही. त्या फलकाचा पोकळपणा त्या रांगेने उघडा पाडलाच. पण रांगेतील माणसे तेथे का उभी होती, हे मात्र चित्र पाहणारा विसरला. फलक इतका बोलका होता, की माणसांना स्वतःची हकिगत उरली नाही. या प्रकारचे सामर्थ्य आणि त्यातील धोका, दोन्ही या एका छायाचित्रात सापडतात.

त्याच काळात डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात सामान घेऊन पायी चाललेल्या दोन माणसांना टिपले. बाजूच्या फलकावर रेल्वे कंपनी सांगत होती, की पुढच्या वेळी आगगाडीने जा, आराम करा. वॉकर इव्हान्स यांनी १९३६ मध्ये अटलांटा येथे दोन जुनाट लाकडी घरांपुढे लावलेली चित्रपटांची भित्तिपत्रके टिपली, ज्यांतील एका पत्रकावरील नायिकेचा डोळा काळानिळा झालेला आहे. या चौकटीत माणूस नाहीच. तरीही तेथे राहणाऱ्यांविषयी ती बरेच काही सांगून जाते.

भारतात ही दृष्टी रंगांसह आणली ती रघुबीर सिंग यांनी. जयपूरला १९४२ मध्ये जन्मलेल्या या छायाचित्रकाराचे मुंबईवरील पुस्तक १९९४ मध्ये आले. दुकानांच्या काचा, त्यांतील प्रतिबिंबे आणि रस्त्यावरची माणसे यांचा त्यातील गुंता असा, की आतले कोण आणि बाहेरचे कोण हे शोधावे लागते. केतकी शेठ यांनी ‘बॉम्बे मिक्स’ या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात त्याच महानगराचे रस्ते कृष्णधवल छटांत दाखविले. दोघांकडूनही शिकण्यासारखी गोष्ट एकच. ती म्हणजे गर्दीत विनोद शोधताना माणसाचा मान राखणे.

नाशिकला या विषयाचे नाते तसे दूरचे नाही. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते, छपाईच्या व्यवसायातही होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला आणि १९४४ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. आपल्या खेळाची जाहिरात करताना त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, असा हिशेब मांडला होता. छायाचित्र आणि जाहिरात यांची सांगड घालणारा माणूस याच जिल्ह्यातला होता, एवढे लक्षात ठेवावे.

त्यानंतर कित्येक दशके शहरांतील मोठे फलक पेंटर मंडळी हाताने रंगवीत. रंगविलेल्या नायिकेचा एक डोळा किंचित मोठा, गालावर गुलाबी रंग जरा जास्तच. असा चेहरा चित्र म्हणूनच ओळखू येई. २००० नंतरच्या दशकात फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली आणि कुंचल्याचे काम हातोहात गेले. आता फलकावर छायाचित्रच असते. म्हणजे रस्त्यावरचा छायाचित्रकार छायाचित्राचेच छायाचित्र काढतो. जिवंत चेहरा आणि छापील चेहरा यांतील फरक कॅमेऱ्यात पुसट होतो. गंमत वाढते, तशी फसगतही.

फ्लेक्सने आणखी एक खास मराठी प्रकार जन्माला घातला, तो वाढदिवसाच्या शुभेच्छाफलकांचा. मधोमध नेता, वर त्याच्या नेत्यांची प्रभावळ, तळाशी शुभेच्छुकांच्या लहान लहान चेहऱ्यांची रांग. फलक कमी उंचीवर बांधलेला असेल तर ही तळाची रांग नेमकी पादचाऱ्याच्या डोक्याच्या पातळीवर येते. पाटी घेऊन जाणारी बाई किंवा बसची वाट पाहणारा विद्यार्थी आपसूक त्या शुभेच्छुकांत सामील होतो. अशी चौकट शोधायला शालिमार किंवा सीबीएसच्या आसपास फार हिंडावे लागत नाही. (बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना वारंवार फटकारले, तरी छायाचित्रकारांचा कच्चा माल काही आटलेला नाही.)

उंच इमारतीवरचा फलक या कामाला फारसा उपयोगी पडत नाही. माणूस त्याच्या पायथ्याशी ठिपका होऊन राहतो. डोळ्यांच्या पातळीवरच्या जाहिराती अधिक चांगल्या, म्हणजे कंपाउंडच्या भिंती, दुकानांची शटर, बसच्या पाठी. भिंगही साधारण ३५ मिलिमीटरचे पुरते, कारण जवळ जावेच लागते. दुरून मोठ्या भिंगाने टिपल्यास माणूस व भिंत एकमेकांना चिकटतात खरे, पण माणूस मग पकडल्यासारखा दिसतो. बहुतेक जण आधी भिंत निवडतात आणि मग थांबतात. या थांबण्यात तास निघून जातो, चहा होतो, आणि हवा तो माणूस नेमका रस्त्याच्या पलीकडून जातो.

सिंहस्थात या प्रकाराला ऊत येतो. २००३ आणि २०१५ या दोन्ही पर्वण्यांच्या वेळी स्वागतफलकांनी शहर झाकले होते आणि २०२७ च्या पर्वणीतही वेगळे काही होण्याची शक्यता कमी. मोबाइलच्या जाहिरातीखालचा जटाधारी साधू ही त्यातील सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत शिळी चौकट होय. त्यात हसू येते ते साधूला. जाहिरात नामानिराळी राहते. याउलट दिंडोरी रोडच्या बाजार समितीकडे माल घेऊन आलेला शेतकरी आलिशान गृहप्रकल्पाच्या फलकाखाली गोणीवर डुलकी घेत असेल, तर प्रश्न फलकाला विचारला जातो. बोट कोणाकडे रोखले आहे, यावर या छायाचित्राची किंमत ठरते.

सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र काढण्यास आपल्याकडे सरसकट मनाई नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविल्यापासून छायाचित्रकाराची नैतिक जबाबदारी वाढली आहे. डुलकी घेणाऱ्या शेतकऱ्याने मोबदल्यासाठी उभे राहण्याचा करार केलेला नसतो. फलकावरच्या मॉडेलने तो केलेला असतो. दोघे एका चौकटीत आले तरी हा फरक मिटत नाही.

या छायाचित्रांचा आणखी एक उपयोग काढणाऱ्याच्या मनातही नसतो. चेहऱ्यावरून साल ओळखता येत नाही, जाहिरातीवरून येते. तंबाखूविषयक कायद्यानुसार १ मे २००४ पासून सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली, तेव्हा सिगारेटच्या मोठ्या फलकाखाली उभा असलेला हमाल त्याआधीचाच असणार. गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध मलमाने २०२० मध्ये आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. त्या जुन्या नावाखालून उन्हात चाललेल्या बाईचे छायाचित्र आता संग्रहातच शोधावे लागेल. पेजर, एसटीडी बूथ, हाताने रंगविलेले चित्रपटफलक यांचीही तीच गत. महापालिकेच्या दप्तरात फलकाची परवानगी आणि भाडे यांची नोंद मिळू शकेल. त्याखालून कोण जात होते, याची नोंद तेथे नसते.

उतरविलेला फ्लेक्स मात्र वाया जात नाही. पावसाळा लागला, की तोच हातगाड्यांवर, झोपड्यांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री म्हणून बांधला जातो. गोदाघाटावर एखाद्या फुलवाल्याच्या डोक्यावर मग नववधूचे अर्धे स्मित ताणलेले दिसते, दोरीसाठी पाडलेले भोक नेमके तिच्या नथीजवळ असते, आणि खाली फुलवाला ओल्या फडक्याने झेंडूच्या माळा झाकत असतो.